घरात पाच माणसं, कार्डावर तीन नावं

वाडीवरची:

'फुकट धान्य' हा विषय इथे अधूनमधून निघतो, पण दर वेळी दुसऱ्याच कुठल्या तरी धाग्यात. चार प्रतिसादांत गाडी 'लोकांना आळशी केलं'वर येते आणि धागा भलतीकडे जातो. म्हणून हा वेगळा धागा काढतेय. मी रायगड जिल्ह्यातल्या एका तालुक्यात कातकरी वाड्यांवर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत आहे. शिधापत्रिका, जातीचे दाखले, आधार असली कागदपत्रं करून देणं हे माझं रोजचं काम. रेशनमुळे भूक कमी होते का, याचं माझं उत्तर 'हो, नक्की होते' असं आहे. ती कशी कमी होते आणि कुठे तशीच राहते, ते लिहिते.

आधी थोडक्यात नियम. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा, आपल्या राज्यात लागू झाला १ फेब्रुवारी २०१४ पासून. अंत्योदय कार्डाला, म्हणजे सर्वांत गरीब घरांच्या कार्डाला, महिन्याला ३५ किलो धान्य, घरात माणसं कितीही असोत. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. आधी तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता, जानेवारी २०२३ पासून दोन्ही मोफत. कार्डाचा रंग पिवळा की केशरी यावरून सगळं कळत नाही. केशरी कार्डवाल्यांतही काहींना धान्य मिळतं, काहींना दाणाही मिळत नाही.

आता वाडीवरचं. कातकरी माणसाचं वर्ष दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातं. पावसाआधी घरी यायचं, लावणीची मजुरी करायची. लावणी संपली की भात कापणीला येईपर्यंत हाताला काम नसतं. आषाढ-श्रावण हे वाडीवरचे खरे उपासाचे महिने. रानातल्या भाज्या, कंद, चिंबोऱ्या, ओढ्यातले मासे यांवर घर चालतं. आणि याच दिवसांत भट्टीमालकाचा मुकादम वाडीवर येतो. चार-पाच हजार हातावर ठेवतो, कधी तांदळाचा कट्टा देतो. ही उचल. दिवाळीनंतर अख्खं कुटुंब ती फेडायला भट्टीवर जातं, पोरांची शाळा सुटते, आणि हिशेब करताना उचल फिटलेली नसतेच.

रेशनचं काम मला इथे सर्वांत स्पष्ट दिसतं. ज्या घरात अंत्योदयचं कार्ड चालू आहे, दर महिन्याला पस्तीस किलो येतंय, ते घर उचल कमी घेतं किंवा उशिरा घेतं. एका बाईने मला सरळ सांगितलं, "तांदूळ घरात असला की मुकादमाशी उभं राहून बोलता येतं." पोट तर भरतंच, पण रिकाम्या पोटी जो सौदा करावा लागतो तो टळतो. हा फायदा किलोत मोजून सापडायचा नाही.

दुसरा फायदा पैशाचा. पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला २५ किलो मिळतं. तेच बाजारातून तीस-चाळीस रुपये किलोने घ्यायचं तर साडेसातशे ते हजार रुपये जातात. ते वाचले की त्यातून तेल येतं, तूरडाळ येते, सुकट येते, दवाखान्याची रिक्षा होते. नुसता भात आणि मिरची-मिठाऐवजी भाताबरोबर काहीतरी असतं.

आता धाग्याच्या शीर्षकाकडे येते. महाराष्ट्राला या कायद्याखाली ७ कोटी १६ हजार माणसांची मर्यादा ठरवून दिली आहे, ग्रामीण भागात ७६.३२ टक्के आणि शहरी भागात ४५.३४ टक्के. हिशेब २०११ च्या जनगणनेवरचा. त्यानंतर जनगणना झाली नाही म्हणून आकडाही हलला नाही. तालुक्याचा इष्टांक, म्हणजे त्याच्या वाट्याला आलेली माणसांची संख्या, भरला की नवीन नाव चढत नाही. कुणी मयत झालं, कुणी कार्ड परत केलं, की जागा होते. मधल्या काळात लग्नं झाली, सुना आल्या, लेकरं झाली. माझ्याकडे येणाऱ्या कार्डांत हे चित्र नेहमीचं आहे: घरात नवरा, बायको, म्हातारी आणि दोन पोरं, कार्डावर पोरांची नावंच नाहीत. पंधरा किलोत पाच जण. आणि नावं नसतात ती नेमकी वाढत्या वयाच्या लेकरांची.

उत्पन्नाची अटही बघा. प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात वर्षाला ४४ हजार, शहरात ५९ हजार. हे २०१३ साली ठरलं. आज एका माणसाची हजेरी ३०० रुपये धरली आणि वर्षातून फक्त दीडशे दिवस काम मिळालं, तरी ४५ हजार होतात. म्हणजे वर्षातले सात महिने घरी बसणारा मजूरसुद्धा कागदावर अपात्र. मग दाखला काढताना खोटं उत्पन्न लिहावं लागतं आणि गरीब माणूस उगाच गुन्हेगारासारखा वावरतो.

आपापल्या भागात काय दिसतं ते लिहा. दुकानदारांच्या घरचं कुणी इथे असेल तर त्यांनीही लिहावं.

---

शिरूरचा_शेतकरी:

तुमच्या कामाबद्दल आदर आहे, ताई, तरी दुसरी बाजू मांडतो. कांदा काढणीला माणूस मिळत नाही. बाया चारशे रुपये आणि जाण्यायेण्याची गाडी मागतात. गावात सगळे म्हणतात की घरात फुकट धान्य येतं म्हणून कामाची गरज उरली नाही. दुसरं, रेशनचा तांदूळ सर्रास विकला जातो. टेम्पो येतो, वीस-बावीस रुपयांनी घेऊन जातो. आमच्याकडे ज्यांच्या दारात चारचाकी आहे त्यांचंही कार्ड चालू आहे. मग खरी भूक कुणाची आणि धान्य कुणाला?

---

वाडीवरची:

दादा, तिन्ही मुद्दे रास्त आहेत, एकेक घेते.

माणशी ५ किलो म्हणजे दिवसाला पावणेदोनशे ग्रॅमसुद्धा भरत नाही. देशात खेड्यातला माणूस महिन्याला साधारण साडेनऊ किलो धान्य खातो, अंगमेहनतीचा माणूस त्याहून जास्त. म्हणजे रेशनने निम्म्याच धान्याची सोय होते. उरलेलं धान्य, तेल, मीठ, डाळ, कपडे, औषध, शाळा, मोबाईल, सगळं मजुरीवरच. एवढ्यावर कुणी काम सोडून घरी बसत नाही. मात्र पूर्वी पडेल त्या मजुरीला 'हो' म्हणावं लागायचं, तेवढी लाचारी कमी झाली असणार. बाया चारशे मागतात त्यात हेही एक कारण असेल, आणि मला त्यात वाईट वाटत नाही. तुमची अडचण खरी आहे. पण तिचं मूळ कांद्याला भाव मिळत नाही यात जास्त आहे. भाव मिळाला तर चारशे तुम्हालाही जड जाणार नाहीत.

तांदूळ विकतात ते मीही पाहिलंय. आमच्याकडे भात खाणारी माणसं आहेत, इथे कमी विकला जातो. ज्वारी-बाजरी खाणाऱ्या भागात महिन्याचा तांदूळ संपत नाही, मग तो देऊन लोक तेल किंवा ज्वारी आणतात. यावर उपाय म्हणजे जिथे जे खातात ते द्यावं. मध्यंतरी काही जिल्ह्यांत गव्हाऐवजी ज्वारी दिली गेली, ती लोकांनी आनंदाने नेली.

चारचाकीवाल्याचं कार्ड बंद व्हायलाच हवं. त्याच्या घरच्या पाच नावांनी आमच्याकडच्या पाच पोरांची जागा अडवलेली आहे. मर्यादा ठरलेली असल्यामुळे हे अगदी शब्दशः खरं आहे. तुमच्या गावात रेशन दुकानावर लक्ष ठेवणारी दक्षता समिती असेल, तिच्या बैठकीत हा विषय काढा.

---

मोंढ्याजवळची:

दुकानदाराच्या घरचं कुणी असेल तर लिहा म्हणालात, म्हणून लिहिते. मराठवाड्यातल्या एका गावात आमचं रास्त भाव दुकान आहे. आधी आजोबांच्या नावे होतं, आता भावाच्या.

दुकानदार म्हणजे चोर असं लोक धरूनच चालतात. आमच्या धंद्यात चोर आहेत, नाही असं म्हणणार नाही. पण हिशेब ऐका. क्विंटलला दीडशे रुपये कमिशन कितीतरी वर्षं होतं. महिन्याला साठ क्विंटल धान्य वाटणाऱ्या दुकानाला त्यातून नऊ हजार सुटतात. त्यात जागेचं भाडं, वीज, मापाड्याची मजुरी, गोदामावरच्या हमालीसाठी मागितले जाणारे पैसे. कमिशनही दर महिन्याला येतं असं नाही, कधी तीन-चार महिन्यांचं एकदम. ५० किलोचा म्हणून आलेला कट्टा काट्यावर ठेवला की किलोभर कमी भरतो. ती घट कुणी भरायची? बरेच दुकानदार ती कार्डवाल्यांकडून भरून काढतात, म्हणजे पंधरा किलोच्या जागी साडेचौदा. ते चूकच आहे. माझ्या आजोबांनी ते केलं नाही आणि घरात त्यावरून भांडणं व्हायची. तोटा सोसून प्रामाणिक राहा, असं आपण किती जणांना सांगणार? गोदामातून निघतानाच प्रत्येक कट्टा मोजून दिला तर हा अर्धा किलो गरिबाच्या पिशवीत जाईल.

मशीनचं म्हणाल तर अंगठ्याच्या मशीनने एक गोष्ट चांगली झाली. पूर्वी बोगस कार्डं असायची, मेलेल्या माणसांच्या नावावर धान्य उचललं जायचं, ते बंद झालं. वाईट गोष्ट अशी की सर्व्हर बंद पडला की पन्नास माणसं दारात बसून राहतात. मजुरी बुडवून आलेली बाई संध्याकाळी रिकामी पिशवी घेऊन जाते आणि शिव्या आम्हाला बसतात. म्हाताऱ्यांचे अंगठे उठतच नाहीत. आमच्याकडे एक आजी यायची. दहाही बोटं लावून बघायचो, राखेने बोटं चोळायची, पदराला पुसायची, पुन्हा लावायची. शेवटी तिच्या नातवाचा अंगठा चालायचा म्हणून बरं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने काय करायचं?

---

वाडीवरची:

मोंढ्याजवळची, फार मोलाचं लिहिलंत. अंगठ्याचा त्रास आमच्याकडेही आहे, वीट थापून आणि कोळसा भरून रेषाच जातात. आधार जुळत नाही म्हणून कुणालाही धान्य नाकारू नये असं सरकारचं स्वतःचं परिपत्रक आहे. दुकानावर ते कुणी दाखवत नाही. आणि कायद्याच्या कलम ८ प्रमाणे हक्काचं धान्य मिळालं नाही तर अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो, हेही लोकांना माहीत नसतं.

---

सातपुड्याचा_मास्तर:

धाग्यात फक्त रेशन दुकान आलंय. शाळेतल्या जेवणाबद्दल मी लिहितो. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पाड्यावर जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे.

शिजवलेलं जेवण शाळेत मिळायला कारण ठरलं सर्वोच्च न्यायालय. २००१ मध्ये देशाच्या गोदामांत धान्य सडत होतं आणि राजस्थानात लोक उपाशी होते, तेव्हा लोकस्वातंत्र्य संघटनेने याचिका केली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशात न्यायालयाने सांगितलं की सरकारी शाळेतल्या प्रत्येक प्राथमिक मुलाला शिजवलेलं जेवण द्या. त्याआधी आपल्याकडे महिन्याला तीन किलो तांदूळ घरी द्यायचे. तो घरच्या सगळ्यांत वाटला जायचा, चूक काहीच नव्हतं त्यात. पण शिजवलेलं ताट मुलाच्याच पोटात जातं.

पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, सोबत डाळ-कडधान्य, तेल, भाजी. लहान मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब. आमच्याकडे सोमवारी पोरं जास्त जेवतात. शनिवार-रविवार घरी काय मिळालं ते त्यावरून कळतं. पहिलीतली पोरं तांदूळ धुवायला घेतला की खिडकीतून बघत राहतात. मटकीची उसळ असली की पातेलं रिकामं होतं. भाजीच्या नावाखाली पाण्यात दोन बटाटे असले की ताटं अर्धवट राहतात. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना महिन्याला अडीच हजार मानधन आहे. त्यात लाकूडफाटा, पाणी आणणं, भांडी घासणं, सगळं आलं. एवढ्या पैशात त्या जे करतात त्याला तोड नाही.

या जेवणाचा उपयोग किती लांबवर जातो त्याबद्दल २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ज्या मुलींना लहानपणी शाळेत हे जेवण मिळालं, त्या आई झाल्यावर त्यांच्या मुलांची उंची वयाच्या मानाने अधिक चांगली निघाली. आजचं जेवण पुढच्या पिढीच्या हाडांत दिसतं. म्हणून याला खर्च म्हणणं मला पटत नाही.

आता दुःखाची गोष्ट. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू झालं, जे अंडं खात नाहीत त्यांना केळं. अंड्याच्या दिवशी हजेरी वाढायची, हे मी स्वतःच्या हजेरीपटावर बघितलंय. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्याचे पैसे थांबवले. लोकवर्गणीतून करा म्हणाले. आमच्या पाड्यावर वर्गणी कोण देणार?

आणखी एक, कारण हे प्रत्येक पालकसभेत विचारलं जातं. तांदळात काही दाणे वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात, म्हणून 'प्लास्टिकचा तांदूळ' अशी अफवा आहे. तो पोषणयुक्त तांदूळ आहे. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून ते दाणे बनवतात आणि शंभर दाण्यांत एक या प्रमाणात घालतात. आया ते निवडून फेकतात. फेकू नका, असं सांगत राहावं लागतं.

---

बहात्तर_सालचा:

माझं वय सत्तरीपुढचं आहे. सोलापूरकडचा. १९७२ च्या दुष्काळात आमचं सगळं घर खडी फोडायला होतं.

अमेरिकेतून आलेला मिलो रेशनवर मिळायचा, लाल ज्वारी. भाकरी थापली तर तुटायची, चव कडवट. आजी म्हणायची गुरांचं खाद्य आहे, पण खाल्लं. कामावर लहान मुलांना आणि बायांना सुकडी मिळायची, मूठभर, ओंजळीत. आमच्या वस्तीवर त्या दोन वर्षांत जनावरं मेली, माणूस उपाशी मेला नाही. दुष्काळी कामांवर मे १९७३ मध्ये राज्यात जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. मजुरी हातात आणि रेशन दुकानात धान्य, दोन्ही एकत्र होतं म्हणून माणूस तगला. नुसती मजुरी असती आणि बाजारात धान्य नसतं तर त्या पैशाने काय आणलं असतं? त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला, महाराष्ट्राचा, देशाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी.

आज कामाची हमी ढिली पडली आहे. कामं निघत नाहीत, निघाली तर मजुरी उशिरा. धान्य मोफत आहे हे चांगलंच आहे, पण शिरूरच्या मित्रांना जे खटकतं त्याची दुसरी बाजू हीच आहे. खेड्यातल्या मजुराला श्रावणात काम द्या, तो आनंदाने करेल.

---

वऱ्हाडची_लेक:

आमच्याकडली गोष्ट वेगळी आहे. छत्रपती संभाजीनगर आणि अमरावती विभागातले सगळे जिल्हे आणि वर्धा, असे आत्महत्याग्रस्त चौदा जिल्हे. इथल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०१५ पासून रेशनवर २ रुपये गहू, ३ रुपये तांदूळ मिळायचा. २०२३ पासून ते बंद करून खात्यात पैसे देणं सुरू केलं. माणशी महिन्याला १५० रुपये, पुढे १७० केले.

१७० रुपयांत ५ किलो म्हणजे किलोला ३४ रुपये. हिशेबाला जुळतं. पण धान्य दर महिन्याला घरात पडायचं, पैसे कधी पडतात ते बँकेत गेल्याशिवाय कळत नाही. बँक तालुक्याला, जायला-यायला साठ रुपये आणि दिवस मोडतो. खात्यावर पीककर्जाची थकबाकी असली की जीव धाकधुक करतो, बँकवाले वळते तर करून घेणार नाहीत ना. पोतं घरात असलं की ते चुलीकडेच जातं. पैसे आले की आधी खताच्या दुकानाची उधारी दिसते, नवऱ्याला बियाणं दिसतं. दोघांचंही चुकत नाही, पण डब्यातलं पीठ तेवढं कमी होतं. मैत्रिणी बोलतात तेव्हा हेच म्हणतात, आमचं धान्यच परत द्या.

---

रायपूरकर:

नमस्कार. आमच्या चार पिढ्या रायपुरात गेल्या, घरात मराठीच. वऱ्हाडच्या ताईंचं वाचून लिहावंसं वाटलं.

छत्तीसगडची रेशन व्यवस्था एकेकाळी अगदी वाईट होती. २००४ नंतर सरकारने खासगी दुकानदारांकडून दुकानं काढून पंचायती, बचत गट आणि सहकारी संस्थांकडे दिली. धान्य दुकानापर्यंत पोचवायची जबाबदारी स्वतः घेतली, ट्रकना पिवळा रंग दिला म्हणजे गावात ट्रक आला की सगळ्यांना दिसावं. कमिशन वाढवलं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे जवळजवळ सगळ्या गावकऱ्यांना कार्डं दिली. बोलता येणारी माणसं रांगेत आली, की दुकान वेळेवर उघडतं. केंद्राच्या कायद्याच्या आधी, २०१२ मध्ये, राज्याने स्वतःचा अन्न सुरक्षा कायदा केला, त्यात धान्याबरोबर डाळ-चणा आणि मीठही आलं.

अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेज आणि रीतिका खेरा यांनी २००९-१० च्या आकड्यांवरून हिशेब मांडला होता. रेशनमुळे देशातल्या ग्रामीण गरिबीची खोली, म्हणजे गरीब माणसं दारिद्र्यरेषेच्या किती खाली आहेत ते अंतर, १८ ते २२ टक्क्यांनी कमी होते. छत्तीसगडमध्ये ती घट ३९ ते ५७ टक्के आणि तमिळनाडूत, जिथे रेशन सगळ्यांना आहे, ६१ ते ८३ टक्के. मोंढ्याजवळच्या ताई घट आणि कमिशनबद्दल जे बोलल्या, ते इथे सुधारलं तेव्हाच हा फरक पडला.

---

पाटीपेन्सिल_अंगणवाडी:

मी पालघर जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. वरचं सगळं वाचलं, पटलं. पण मला एक आकडा झोपू देत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३४.४ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, ३५.२ टक्के. उंचीच्या मानाने रोड मुलं दोन्ही वेळा २५.६ टक्के. या सगळ्या काळात अन्न सुरक्षा कायदा चालू होता. म्हणजे तांदूळ-गव्हाने पोट भरलं, मूल वाढलं नाही.

याचं कारण मला रोज दिसतं. दोन वर्षांच्या मुलाचं पोट मुठीएवढं. त्याला दिवसातून चार-पाच वेळा तेल, डाळ, अंडं असलेला घास लागतो. आई सकाळी कामावर गेली की ते मूल सात वर्षांच्या बहिणीकडे. ती त्याला गार भात देते. रेशनमध्ये तेल नाही, डाळ नाही. दिवाळीला 'आनंदाचा शिधा' मिळाला तेव्हा शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर एकेक किलो आणि लिटरभर पामतेल. चार दिवस घराघरांतून फोडणीचा वास येत होता. तो दर महिन्याला का नको?

आदिवासी भागात अमृत आहार योजना आहे, २०१५ पासून. गरोदर आणि स्तनदा मातेला एक वेळचं पूर्ण जेवण, मुलांना अंडी किंवा केळी. ही योजना मला सर्वांत पटते, कारण बाई समोर बसून जेवते. घरी दिलेलं पाकीट ती स्वतः कधीच खात नाही, सगळ्यांना वाढून उरलं तर. अंगणवाडीत पहिल्यांदा कुणीतरी तिला वाढतं. आठव्या महिन्यातल्या एका मुलीने मला विचारलं होतं, "ताई, हे सगळं मीच खायचं?" ताटात भाकरी, आमटी, भाजी, भात आणि उकडलेलं अंडं होतं. फक्त पैसे वेळेवर यायला हवेत. दोन-दोन महिने आले नाहीत की आम्ही किराणावाल्याकडे उधारी करतो, मग अंडी आधी बंद होतात.

---

शिरूरचा_शेतकरी:

अंगणवाडीच्या ताईंचं वाचून गप्प झालो. मजुरांचा प्रश्न माझ्यासाठी आहेच, तो मी सोडत नाही. पण डाळ आणि तेल द्यायच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा. आमचीच तूर, आमचाच हरभरा सरकारने हमीभावाने घेऊन रेशनला द्यावा. शेतकऱ्यालाही उठाव मिळेल. हे दोन्ही बाजूंचं मागणं आहे, एकत्र मागू.

---

डोंबिवलीची_गृहिणी:

एक व्यावहारिक प्रश्न विचारते, चालेल ना? माझ्याकडे कामाला येणाऱ्या ताई मूळच्या जालन्याकडच्या. कार्ड गावचं, प्राधान्य कुटुंबाचं. सासू गावी राहते. करोनाच्या वेळी या लोकांचे इथे फार हाल झाले, पाच रुपयांच्या शिवभोजनासाठी रांगेत उभ्या राहायच्या. इथे त्यांना रेशन मिळू शकतं का? इथला दुकानदार म्हणतो, कार्ड इकडे बदलून आणा.

---

वाडीवरची:

विचारलंत ते बरं झालं. कार्ड बदलायची अजिबात गरज नाही. 'एक देश, एक रेशन कार्ड' योजनेची सुरुवातच २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा या जोड्यांतून झाली आणि आता देशभर चालते. राज्यातल्या राज्यात तर कुठल्याही दुकानातून उचलता येतं. बारा अंकी कार्ड नंबर किंवा आधार नंबर सांगायचा, अंगठा लावायचा. इथे त्यांच्या वाट्याचं आणि गावी सासूच्या वाट्याचं, असं वेगवेगळंही उचलता येतं. अट एवढीच की सगळ्यांची आधार जोडणी आणि ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, झालेली हवी. दुकानदार नाही म्हणाला तर १९६७ या नंबरवर तक्रार करा, फोन केल्यावर तक्रार क्रमांक मागून घ्या. तो दुकानदाराला दाखवला की बहुतेक वेळा काम होतं. आणि पावती घ्यायला सांगा, त्यावर किती किलो दिलं ते छापलेलं असतं. पिशवी आणि पावती जुळते का ते तिथेच बघायचं.

बरोबर जमलं तर एकदा तुम्हीच त्यांच्यासोबत दुकानात जा. दुकानदाराचं बोलणं बदलतं.

---

मोंढ्याजवळची:

वरच्यात भर घालते. शहरातले दुकानदार नाही म्हणतात कारण बाहेरची कार्डं आली की त्यांच्याकडचं धान्य महिनाअखेरीला कमी पडतं. म्हणून महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जायला सांगा. गावच्या सासूबाईंची ई-केवायसी बाकी असेल तर त्यांना दुकानापर्यंत आणायची गरज नाही, 'मेरा ई-केवायसी' ॲपवर चेहरा दाखवून घरूनही होते. गावातल्या कुणा नातवाच्या मोबाईलवर करून घ्या. आधारला मोबाईल नंबर जोडलेला लागतो, तो नसेल तर आधी ते काम. केवायसी राहिली तर सासूबाईंचं नाव कार्डावरून उडू शकतं, आणि एकदा नाव गेलं की परत चढवणं किती कठीण ते वाडीवरच्या ताईंनी सुरुवातीलाच लिहिलंय.

---

डोंबिवलीची_गृहिणी:

आभार दोघींचे. ताईंचं कार्ड बघितलं, त्यात धाकट्या मुलाचं नाव नाही. तो चार वर्षांचा आहे. ते इथून चढवता येईल की गावी जावं लागेल?

---

वाडीवरची:

नाव चढवायचं काम ज्या तहसीलचं कार्ड आहे तिथलं. ऑनलाइन अर्ज करता येतो, मुलाचा जन्मदाखला आणि आधार जोडायचा. अर्ज मंजूर झाला तरी धान्य लगेच सुरू होईल असं नाही, त्या तालुक्यात इष्टांक शिल्लक आहे का ते विचारून घ्या. शिल्लक नसेल तरी अर्ज टाकाच आणि पोच जपून ठेवा. जागा झाली की आधी आलेल्या अर्जाचा विचार करा म्हणून पोच दाखवून मागता येतं. जन्मदाखला नसेल तर मला निरोप करा, तो कसा काढायचा ते सांगते.